केळीच्या चेंबरमधलं आखाजीचं गाणं

आधी माफी मागून घेतो. या अंकात लिहिणारे बहुतेक जण आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले असतात. त्यांनी माणसं पाहिलेली असतात, बदल्या भोगलेल्या असतात. मी अजून बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, तेही बाहेरून. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे माझ्या लिहिण्याला अनुभव म्हणावं का, याची मला स्वतःलाच खात्री नाही.

पण रविवारी आमचा वर्ग घेणारे सर या अंकाचं काम बघतात. ते म्हणाले, "दिवसा केळी पिकवणारा आणि उरलेल्या वेळात गाणी लिहिणारा दुसरा कोणी मला माहीत नाही. लिही."

मी म्हणालो, "सर, गाणी लिहितो, पण ती कोणाला माहीत नाहीत."

"मग केळ्यांवर लिही. गाणी येतील मागून."

म्हणून केळ्यांपासून सुरुवात करतो.

जळगावच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, केळी पिकवण्याची चेंबरं आहेत. त्यातल्या एका ठिकाणी मी काम करतो. पुष्कळ लोकांना वाटतं की केळं झाडावर पिवळं होतं आणि मग तोडतात. तसं केलं तर ते बाजारात पोहोचायच्या आधीच फुटेल. केळी हिरवीगार, दगडासारखी असतानाच कापतात. चोपड्याकडून, तापीकाठाकडून माल येतो. घडाच्या फण्या सोडवून, धुऊन, प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये भरतात आणि ती कॅरेटं आमच्या चेंबरमध्ये थप्पी लावून ठेवतात. चेंबर म्हणजे जाड भिंतींची थंड खोली. आधी माल गार करायचा, मग दार बंद करून ठरावीक गॅस सोडायचा, मग हवा बदलायची, मग रोज थोडं थोडं तापमान हलवत न्यायचं. गॅस दिल्यावर मध्येच दार उघडलं तर गॅस निघून जातो. मग एका कॅरेटमध्ये काही केळी पिवळी आणि काही हिरवी अशी निघतात. तशा मालाला आमच्याकडे 'रुसलेला माल' म्हणतात. तो कोणी घेत नाही.

केळ्याला ताप आहे की नाही, हे सालीवरून कळत नाही. एक लांब सुई असते, ती केळ्याच्या पोटात खुपसून तापमान बघावं लागतं. हे काम मला सलीमभाईंनी शिकवलं. सलीमभाई आमचे ऑपरेटर. कॉम्प्रेसर, पंखे, गॅस सगळं त्यांच्या हातात. ते मूळचे पाचोऱ्याचे, आधी बर्फाच्या कारखान्यात होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "भूषण, खोलीचं तापमान भिंतीवर लिहिलेलं असतं. वो झूठ बोलता है. केळ्याला विचार."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. हातगाडीवाल्याला शेंडे हिरवे आणि मधे पिवळी अशी केळी हवी असतात, म्हणजे दोन दिवस टिकतात. लग्नघरचे लोक येऊन म्हणतात, "गुरुवारी सकाळी नऊला एकदम पिवळी पाहिजेत." जणू केळ्यांनाही पत्रिका छापून दिली आहे. एक मावशी स्टँडाजवळ टोपली घेऊन बसते. ती नेहमी काळे ठिपके पडलेली केळीच मागते. मी एकदा म्हणालो, "मावशी, ताजी घ्या ना, दिसायला चांगली दिसतात." ती म्हणाली, "माझं गिऱ्हाईक सगळं म्हातारं आहे रे बाबा. त्याला बघायचं नाही, चावायचं आहे."

मे महिन्यात बाहेर अंगाची काहिली होते आणि आम्ही आत स्वेटर घालून असतो. दिवसातून किती वेळा आत-बाहेर करावं लागतं. दोन्ही ऋतू एकाच अंगावर. सर्दी आम्हाला उन्हाळ्यात होते. या नोकरीचं मला काही वाईट वाटत नाही. माझ्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मभर शेतातून ट्रकपर्यंत डोक्यावर घड वाहिले. मी त्याच केळ्यांना सुई लावतो. एका पिढीत एवढं झालं, हे थोडं नाही.

आता गाण्यांचं.

मी गाणी लिहायला शिकलो ते वहीवर नाही, झोक्यामागे उभा राहून. आमचं गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. आमच्या अंगणात एक निंब, म्हणजे कडुनिंब, आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, त्याच्या फांदीला झोका बांधायचा. खान्देशात हा लेकींचा सण. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, सांजोऱ्या खातात आणि दिवसभर झोका. आमच्या गल्लीतल्या पोरींचा एक नियम होता. झोक्यावर बसणारीने नवी ओळ जोडायची. आधीची पोरगी ज्या आवाजाला थांबली, त्याच आवाजाला थांबायचं. नाही जमलं तर मुकाट उतरायचं. आणि पाळी धरायची म्हणजे निंबाखाली आपली चप्पल रांगेत ठेवायची. चप्पल पुढे सरकत गेली की पाळी आली.

माझी मोठी बहीण संगीता, मी तिला अक्का म्हणतो, कधीच उतरत नसे. तिला ओळ सुचलीच नाही असं कधी झालं नाही. दुसऱ्या पोरी ओरडत, "उतर ना व, आम्हीन काय इथे उन्हातान्हात वाळवण घालाले उनूत का?" आणि ती त्याच ओरडण्याला जोडून ओळ म्हणे. मी मागे उभा राहून झोका द्यायचो. ओळ कुठे चढते, कुठे उतरते, कुठे दम घ्यायचा, हे मला हातांनी कळलं. अक्काची चप्पल हिरव्या पट्ट्याची होती. बाकीच्या पोरी उतरून गेल्या तरी ती चप्पल निंबाखाली पडलेली असायची.

अक्का दहावीनंतर घरी बसली. मला पाढे तिने शिकवले. नंतर तिचं लग्न झालं आणि ती सुरतेला गेली. दाजी तिकडे साड्यांच्या कारखान्यात आहेत.

पहिल्या आखाजीला आबा स्वतः तिला आणायला गेले. आमच्याकडे लेक आपली आपण येत नाही. माहेरून माणूस जावं लागतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला की सासरचे लोक मानाने पाठवतात. पुढची काही वर्षं आबाच मुऱ्हाळी जात राहिले. मग त्यांचे गुडघे धरले. ज्या वर्षी मी चेंबरवर लागलो, त्या उन्हाळ्यात मला सुटी नव्हती. आबा म्हणाले, "आते घरोघर फोन शेतस. फोन करी देसू." त्यांनी अक्काच्या सासूबाईंना फोन केला आणि म्हणाले, "आखाजीले धाडी द्या पोरले."

सासूबाईंनी निरोप अक्काला दिला. तिने मायला सांगितलं, "आबाले सांग, पत्तावर आपोआप पोचाले मी काय पार्सल शे का?"

आबांना ते लागलं; फोनवर तोंडाने बोलावलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणाले, "तोंडघाई बलावं ना मी? मंग बलावं. आखो काय वाजंत्री धाडू?"

त्या वर्षी ती आली नाही. पुढच्या वर्षी मी चेंबरच्या शेटच्या हातापाया पडून रजा काढली आणि सुरतेला गेलो. अक्काने मला जेवायला वाढलं, माझ्या पोराटकी दाढीची चेष्टा केली, चेंबर कसं असतं ते विचारून घेतलं. निघायचं म्हटल्यावर म्हणाली, "तू उना, बेस करं. पन मुऱ्हाळी तू नई. मन्हा लगनले हा कोन म्हने? आबा. मंग लेवाले बी आबाच यी."

लग्नाला होकार आबांचा, म्हणून न्यायलाही आबाच हवे होते. मी एकटाच परत आलो. आबांनी माझ्यामागचं रिकामं दार बघितलं आणि ते अंगणात निघून गेले. त्यानंतर दोघंही एकमेकांचं नाव घेईनात. मायशी दोघंही बोलत. माय मधल्या मधे फोनच्या तारेसारखी झाली होती. आखाजीला झोका मात्र आबा बांधत राहिले. गल्लीतल्या पोरी खेळत. संध्याकाळी झोका रिकामा हालत राही आणि आबा अंगणात त्याच्याकडे पाठ करून बसत.

मधल्या काळात मी धुळ्याला जाऊ लागलो होतो. अहिराणी गाण्यांचा धंदा आता मोठा आहे. हळदीत, वरातीत हीच गाणी वाजतात. धुळ्यात एका टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत एक स्टुडिओ आहे. तो चालवणाऱ्याला सगळे गोटूभाऊ म्हणतात. आठवड्याची सुटी असली की मी सकाळच्या गाडीने पारोळामार्गे धुळ्याला जायचो आणि त्यांच्या बाकावर बसून राहायचो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आधी गाणं लिहितात, मग चाल लावतात. तसं नाही. आधी ट्रॅक तयार असतो. नाचायला किती दम पाहिजे ते त्यात ठरलेलं असतं. गाणं लिहिणाऱ्याने त्यात शब्द बसवायचे. पहिल्या काही ओळींत पाय उचलला नाही तर गाणं गेलं. गोटूभाऊंनी माझी दोन गाणी घेतली. एक गॉगल लावणाऱ्या पोरीवर होतं, दुसरं नवऱ्या मुलाच्या मामावर. मामाचं गाणं बरंच चाललं. एकदा मी टेम्पोत कॅरेटं घेऊन निघालो होतो. एरंडोलजवळ वरात आडवी आली आणि तेच गाणं वाजत होतं. एक जाडे गृहस्थ, बहुतेक खरेच मामा, घामाने भिजून नाचत होते. टेम्पोचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून शिव्या देत होता. त्याला सांगावं असं फार वाटलं, की अरे, हे माझं आहे. पण मी पिकलेल्या केळ्यांचं चलन हातात धरून बसून राहिलो. सांगितलं असतं तर त्याने मलाच शिव्या दिल्या असत्या.

यंदा आखाजीच्या आधी मी अक्कावर गाणं लिहिलं. ट्रॅकशिवाय लिहिलेलं माझं हे पहिलं गाणं. त्याची सुरुवात अशी:

निंबना फांदीले झोका बांधा व बाई,
बठ्ठ्या लेकी उन्यात, मन्ही बहीन उनी नई.

सगळ्या लेकी आल्या, माझी बहीण आली नाही. आणि शेवट असा:

हिरवा पट्टानी चप्पल निंबखाले ठेई,
तुन्ही पाळी, अक्का, आजून कोनी लिन्ही नई.

तुझी पाळी, अक्का, अजून कोणी घेतली नाही. मला एवढंच पाहिजे होतं की हे गाणं कोणीतरी चांगल्या गळ्याने म्हणावं, ते तिच्यापर्यंत जावं आणि ती यावी. तिच्या नियमाप्रमाणे ओळ मी टाकली होती. आता तिला जोडावी लागणार होती.

गोटूभाऊंनी शांतपणे ऐकलं. डोळे मिटून मान हलवली. मग म्हणाले, "गानं बेस शे भो. पन बहीनवर वरातमा कोन नाची?"

मी म्हणालो, "हे नाचायचं नाही भाऊ."

"मंग कसानं शे? अक्का काढ. रानी टाक. 'मन्ही रानी उनी नई.' देख, ट्रॅकमा कसं मस्त बसस! आनि चप्पल काय टाकी दिन्ही रे? सँडल कर. उंच टाचनी."

कीबोर्डवरचा मुलगा हसायला लागला. मलाही हसू आलं, कारण खरंच बसत होतं. मी म्हणालो, "भाऊ, ती बहीणच आहे."

"मंग बहीनले फोन लाव ना. गानं कशाले लिखस?"

गोटूभाऊ काही वाईट माणूस नाहीत. त्यांनी चहा पाजला, स्टँडपर्यंत गाडीवर सोडलं. उतरताना म्हणाले, "रानी करी टाक, आठ दिनमा बाजारमा लई येस." येताना सगळ्या वाटेने मी 'रानी' म्हणून बघत होतो. प्रत्येक वेळी ओळ चांगली बसत होती आणि प्रत्येक वेळी अक्का झोक्यावरून उतरून निघून जात होती. पारोळ्याच्या पुढे मी म्हणणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी माझा चेहरा बघून विचारलं. मी सांगितलं. ते कॅरेटवर बसून पोट धरून हसले. म्हणाले, "बाहेर बँड वाजला तरी आपल्या चेंबरमध्ये कळत नाही. इतना बडा स्टुडिओ घेऊन बसलाय तू, आणि धुळ्याला कशाला जातो? येडा है क्या?"

गाणार कोण, हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे फण्या धुणाऱ्या बायकांत कमलाक्का आहेत, धरणगावकडच्या. त्या काम करताना गातात. त्या गायला लागल्या की बाकीच्या बायकांचे हात आपोआप सारखे चालतात. मी त्यांना गाणं म्हणून दाखवलं. त्या पाण्यात हात घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आखो म्हन." दुसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी हात पुसले.

आम्ही आधी रिकाम्या चेंबरमध्ये जाऊन पाहिलं. पण विहिरीत बोलल्यासारखा आवाज घुमायला लागला. सलीमभाई म्हणाले, माल भरल्यावर या, आवाज केळी पिऊन टाकतील. ते खरं निघालं. कच्च्या मालाच्या थप्प्या लागल्या की तिथे टाचणी पडली तरी स्वच्छ ऐकू येते. अडचण एकच. आतले मोठे पंखे. ते चालू असले तर गाणं ऐकू येणार नाही. बंद केले तर माल तापणार. माल गार झाला आहे आणि गॅस अजून द्यायचा आहे, असा मधला थोडा वेळ असतो. तेवढ्यात उरकायचं ठरलं. गॅस दिल्यावर आत माणसाला थांबता येत नाही आणि दारही उघडता येत नाही.

सलीमभाईंनी पंखे बंद केले. एका केळ्यात सुई खुपसली आणि तिच्यावर नजर लावून उभे राहिले. "आकडा चढला तर मी हात वर करीन," ते म्हणाले, "मग तानसेन असला तरी बाहेर."

मी मोबाईल दोन कॅरेटच्या फटीत ठेवला. कमलाक्का अंगावर शेटचा जुना कोट घालून उभ्या राहिल्या. तोंडातून वाफ निघत होती. त्यांनी पहिली ओळ उचलली आणि थांबल्या.

"भूषन, हाई गानं उभं राहीसन म्हनता येत नई."

"का, कमलाक्का?"

"हाई झोकावरनं शे. पाय जमीनवर शेतस ना, ओळ उठतच नई."

सलीमभाई म्हणाले, "अब यहाँ झोका कुठून आणायचा?"

कमलाक्कांनी इकडे तिकडे पाहिलं. दोन रिकामी कॅरेटं उलटी करून एकावर एक ठेवली. त्यावर बसल्या, पाय वर घेतले आणि पुढे-मागे डुलायला लागल्या. खालचं कॅरेट वरच्याला घासून करकरत होतं. मी ते थांबवायला पुढे झालो, तर सलीमभाईंनी डोळ्यांनी मला जागच्या जागी उभं केलं. ती करकर नेमकी निंबाच्या फांदीवर दोर घासतो तशी होती. चढताना एक, उतरताना एक. त्यावर कमलाक्का गायल्या. शेवटच्या ओळीला 'पाळी' म्हणताना त्यांचा आवाज थोडा चिरला. त्यांना माहेर राहिलेलं नाही, हे मला नंतर कळलं. सलीमभाईंचा हात अर्धा वर आला होता. तो तसाच राहिला, आणि गाणं संपल्यावर त्यांनी धावत जाऊन पंखे लावले. तो माल छान पिवळा निघाला. एकही केळं रुसलं नाही.

मी ते जसंच्या तसं, करकरीसकट, अक्काला पाठवलं. आणि घरच्या दोन-तीन नातलगांना. माझं नाव त्यावर कुठे नव्हतं. नाव घालायचं मला सुचलंच नाही, खरं सांगायचं तर अक्काला नाव लागणार नव्हतं.

थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा आल्या. तिने ऐकलं होतं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी कॅरेट उचलताना, सुई लावताना, दर वेळी बाहेर आलो की मोबाईल बघायचो. आत पत्रा मारलेल्या जाड भिंतींमुळे नेटवर्क येत नाही. ओळ न सुचून ती झोक्यावर बसली आहे, असं मी मनाला सांगत होतो. पण अक्काला ओळ सुचली नाही असं कधी झालं नव्हतं. म्हणजे ती उतरूनच गेली असणार.

गाणं मात्र आपलं आपण फिरायला लागलं. इकडून तिकडे पाठवलं जात होतं. जळगावात एका हातगाडीवर मी माल द्यायला गेलो, तर तिथे लागलेलं. मी विचारलं, "कोणाचं रे गाणं?" तो म्हणाला, "जुनं असेल. आजीबाई लोकांचं." मी त्याला दोन केळी जास्त दिली.

मग मायचा फोन आला. ती घाबरलेली होती. "काय करी ठेवं रे तू? तुन्हा आबा सलूनमा बठेल व्हता. कोना तरी मोबाईलमा ते गानं लागनं. अर्धी दाढी करीसन उठी उना. सलूनवाला मांगे पयत उना, गळामा फडकं तसंच!"

"मग? काय म्हणाले?"

"काही नई. निंबखाले जाईसन उभा राहिना. साबन वाळी गया गालवर."

एरवी मी हसलो असतो. घरची गोष्ट घरात राहावी, असं आबांचं असतं. माझ्या गाण्यांबद्दल त्यांना अर्धवट माहीत होतं. "गाना लिखीसन काय व्हस?" असं ते एकदा म्हणाले होते. आता तर मी आमचं अंगण, आमचा निंब, अक्काची चप्पल, सगळं गावाच्या खिशात घालून दिलं होतं. ती तर आलीच नाही, आणि आबांना मी चारचौघांत उघडं पाडलं. गोटूभाऊंचं ऐकून रानी केलं असतं तर निदान कोणाला काही कळलं नसतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी कामावर होतो. उन्हाळ्यात माल थांबत नाही, सुटी मिळत नाही. सकाळपासून आत थप्प्या लावत होतो. बऱ्याच वेळाने बाहेर आलो, तर मोबाईलवर मायचे कितीतरी फोन येऊन गेलेले. ऊन डोक्यावर आलं होतं. मी स्वेटरही न काढता उन्हात उभा राहून फोन लावला.

"भूषन, तुन्हा आबा पहाटपाईन घर नई शे." ती रडत होती. "फोन बी खाटवरच पडेल शे."

"कुठे जातो ते काही सांगितलं?"

"काही नई. नवं धोतर नेसी गया. काल चोपडाना बाजारमातून काय तरी लयेल व्हतं कागदमा गुंडाळीसन. मी इचारं, तं खेकसना मन्हावर. ती पिशवी बी नई शे."

"भांडण झालं होतं का?"

"दाढीना दिनपाईन तो कोनशी बोलनाच नई, भांडन कशानं करी?"

मी गावात दोघा-तिघांना फोन केले. कोणी सांगितलं, पहाटेच्या एसटीत दिसले. कोणत्या ते सांगता येईना. शेतावर नव्हते, दवाखान्यात नव्हते. सलीमभाई दारात आले, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातली सुई काढून घेतली. "तू बाहेरच थांब," ते म्हणाले. "आत नेटवर्क नाही. तुझा माल मी बघतो."

मी भिंतीच्या सावलीला बसलो. बाजूला धुण्याच्या हौदावर बायका होत्या. कमलाक्कांनी गाणं थांबवलं होतं. ट्रक आला, रिकामा झाला, गेला. मायला मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिने पहिल्याच घंटीला उचलला आणि दोन्ही वेळा तिने मलाच विचारलं, काही कळलं का. ऊन उतरायला लागलं तेव्हा मोबाईल वाजला. फोन नव्हता. आवाजाचा निरोप होता, अक्काचा. इतक्या दिवसांनी.

मी कानाला लावला. आधी नुसती भांड्यांची खणखण ऐकू आली आणि लांबून कोणीतरी खोकलं. तो खोकला मी जन्मापासून ओळखतो. मग अक्काचा आवाज, झोका चढताना यायचा तसा:

आबा उना दारमा, नवी चप्पल लई,
आते सांग रे भाऊ, कशी म्हनू मी नई?